मानके सामाईक, नुकसान मात्र कोणाच्या खात्यावर?

खास प्रतिनिधी, रत्नागिरी

मिरकरवाडा बंदरावर मासळी घेणारी गृहिणी, गणपतीपुळ्यात खोली घेणारा पर्यटक, लांज्याच्या बाजारात आमसुले विकणारी बाई आणि एसटीचा वाहक, ही सारी मंडळी आज एकाच प्रकारच्या काळ्यापांढऱ्या चौकटीतून पैशांची देवघेव करतात. देणाऱ्याचे खाते कोणत्या बँकेत आहे, घेणाऱ्याचे कोणत्या, मोबाइलमधले अॅप कोणत्या कंपनीचे, याची विचारपूस कोणी करीत नाही. २०१५ साली कोणी असे चित्र रंगविले असते, तर त्याची गणना स्वप्नाळूंमध्येच झाली असती. या बदलाचे श्रेय सर्वसाधारणपणे मोबाइलला दिले जाते. वस्तुतः ते 'सामाईक मानक' नावाच्या एका रुक्ष गोष्टीला द्यावयास हवे. सर्व बँकांनी संदेश एकाच नमुन्यात पाठवायचा, ग्राहकाची ओळख एकाच रीतीने पटवायची आणि दिवसअखेर हिशेब एकाच ठिकाणी मिटवायचा, हे ठरले म्हणून हे घडले.

परंतु मानकाचे काम एवढ्यावर संपत नाही. पैसा कोणत्या वाटेने जावा हे ते सांगते, तसेच वाटेत तो लुटला गेला तर भुर्दंड कोणी सोसायचा हेही त्यातच ठरायला हवे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे अर्धवटच आहे आणि त्याची झळ रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांना महानगरांपेक्षा अधिक बसते.

कोकणाला दूरवरून येणाऱ्या पैशाची सवय जुनी. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर हा येथील अनेक घरांचा आधार होता. 'मनीऑर्डरवर चालणारा प्रदेश' अशी कोकणाची थट्टाही त्यावरून होत असे. त्या मनीऑर्डरलाही तिची मानके होती. पोस्टमन माणसाला ओळखत असे, सही किंवा अंगठा घेत असे, अंगठ्याला साक्षीदार लागे आणि पैसे मिळाल्याची पोच पाठविणाऱ्याकडे परत जात असे. आजच्या परिभाषेत यालाच द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. घोटाळा झालाच, तर दाद कोणाकडे मागायची याविषयी मात्र कोणाच्या मनात संभ्रम नसे. गावात टपाल खाते एकच होते. आजच्या एका व्यवहारात देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, अॅप चालविणारी कंपनी, त्या कंपनीला आधार देणारी बँक आणि मधली राष्ट्रीय यंत्रणा असे निदान पाच जण असतात. फसवणूक झालेला ग्राहक यांपैकी कोणाचे दार ठोठावणार?

युरोपने हा प्रश्न कार्डांच्या बाबतीत वेगळ्या मार्गाने सोडविला. फ्रान्समधील बँकांनी १९८४ मध्ये एकत्र येऊन कार्डांची सामाईक व्यवस्था उभी केली आणि १९९२ च्या सुमारास तेथील सर्व बँककार्डांवर चिप आली. पुढे युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन कंपन्यांनी मिळून चिपचे जागतिक मानक तयार केले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ते 'ईएमव्ही' म्हणून ओळखले जाते. मानक उत्तम होते, तथापि यंत्रे बदलण्याचा खर्च करण्यास दुकानदार राजी नव्हते आणि बँकाही फारशा उत्सुक नव्हत्या. ही कोंडी फुटली ती जबाबदारीच्या नियमाने. १ जानेवारी २००५ पासून युरोपात असे ठरले की, बनावट कार्डाचा व्यवहार झाल्यास ज्या पक्षाने चिपचे मानक स्वीकारलेले नाही, त्यानेच तोटा भरावा. उपदेश करून जे साधले नव्हते, ते या एका तरतुदीने साधले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, ब्रिटनमधील दुकानांत सहीऐवजी पिन रूढ झाला.

युरोपची सगळीच गाडी रुळावर होती असे मात्र नाही. युरो चलन असलेल्या देशांत बँक खात्यांतून पैसे पाठविण्याची सामाईक व्यवस्था २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये ती सक्तीची झाली. कार्डांसाठी मात्र सबंध युरोपची अशी स्वतःची यंत्रणा उभी राहू शकली नाही. देशाच्या सीमेपलीकडील व्यवहारांसाठी त्यांना अमेरिकी कंपन्यांच्याच जाळ्यावर विसंबून राहावे लागले. हे परावलंबन दूर करण्यासाठी काही युरोपीय बँकांनी 'वेरो' ही सेवा २०२४ मध्ये सुरू केली. भारताने यूपीआय आठ वर्षे आधीच आणले होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

आपण नेहमीच पाश्चात्त्यांच्या मागून चालतो, हा समज निदान या क्षेत्रात टिकत नाही. इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी हवीच, असा आदेश रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये काढला आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो अमलात आणला. युरोपीय महासंघात अशा कडक पडताळणीचा नियम लागू झाला तो सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि इंटरनेटवरील खरेदीसाठी त्याची काटेकोर अंमलबजावणी त्याहून पुढे ढकलली गेली. आपल्याकडे ई-व्यापारातील कंपन्यांनी 'ग्राहक मध्येच व्यवहार सोडून जातात' अशी ओरड बरीच केली. परदेशी खात्यामार्फत पैसे वळवून ही पडताळणी चुकविण्याची वाट एका टॅक्सी कंपनीने शोधली, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तीही बंद केली. दुकानात डेबिट कार्डासाठी पिन डिसेंबर २०१३ पासून सक्तीचा झाला. चुंबकीय पट्टीची जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी २०१८ अखेरची मुदत होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर खरेदीच्या संकेतस्थळांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यासच मनाई झाली. त्या जागी केवळ त्या दुकानापुरता चालणारा सांकेतिक क्रमांक आला.

यूपीआयची कथा याच मालिकेतील. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजेच एनपीसीआयने, ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत या व्यवस्थेचा प्रारंभ केला. आरंभीच्या महिन्यांत काही लाखांत मोजले जाणारे व्यवहार ऑगस्ट २०२५ मध्ये प्रथमच महिन्याला २००० कोटींवर गेले आणि त्यांची रक्कम २४ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. एका दुकानात प्रत्येक कंपनीचा वेगळा क्यूआर कोड टांगण्याची पद्धतही रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० मधील आदेशामुळे मागे पडली. केवळ आपल्याच अॅपला उघडणारे कोड कंपन्यांनी मार्च २०२२ पर्यंत बदलावेत, असे त्यात बजावले होते. भाजीवाल्याच्या गाडीवर आज एकच कोड दिसतो, याचे श्रेय या आदेशाकडे जाते.

एवढे झाल्यावर चोरांनी हात टेकायला हवे होते. तसे झाले नाही. त्यांनी दोन नवे रस्ते शोधले.

पहिला रस्ता बँकेच्या मागील दाराने जातो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेला हल्ला महाराष्ट्र विसरलेला नाही. एटीएममधून येणारी मागणी बँकेच्या मुख्य संगणकाकडे तपासणीला जाण्याऐवजी चोरट्यांनी मध्येच उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेकडे गेली आणि तिने प्रत्येक मागणीला मान डोलावली. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. देशांतर्गत पैसे काढण्यात कोल्हापूरचाही समावेश होता. त्यानंतर हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी सुमारे १४ कोटी रुपये वळविण्यात आले. एकूण फटका ९४ कोटींचा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने याप्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. पैसे काढून देणारे हे प्यादे होते, डाव मांडणारे नव्हेत. येथे एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेने सोसले. ग्राहक या चोरीत कोठेच आला नव्हता, त्यामुळे जबाबदारीविषयी वाद उद्भवला नाही.

या हल्ल्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची पायरीपायरीची चौकट आखून दिली. जिची डिजिटल सेवा अधिक, तिच्यावर बंधने अधिक, असे तिचे सूत्र आहे. कागदावर ते न्याय्य आहे. परंतु छोट्या बँकेला स्वतःचे संगणक केंद्र परवडत नाही. ती बाहेरच्या कंपनीची सेवा घेते आणि एकाच कंपनीच्या दावणीला अशा शेकडो बँका बांधल्या जातात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला राष्ट्रीय जाळ्यातून तात्पुरते तोडले. देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे मुख्यत्वे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, ग्राहक त्या अवधीत यूपीआय आणि एटीएमपासून वंचित राहिले. निर्णय योग्यच होता. तथापि मोठ्या बँकेच्या ग्राहकाला जे कळलेही नाही, ते लहान बँकेच्या ग्राहकाला भोगावे लागले. ज्या जिल्ह्यात शेती, मासेमारी आणि बागायतीचा पैसा मोठ्या प्रमाणात सहकारी संस्थांमधून फिरतो, त्याने या घटनेकडे दूरची बातमी म्हणून पाहता कामा नये. पतसंस्थांची स्थिती तर याहून नाजूक. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीच येत नाहीत. एखाद्या बँकेशी करार करून त्या सभासदांना मोबाइल सेवा देतात आणि सभासद मात्र तिला बँकच समजून चालतो.

दुसरा रस्ता ग्राहकाच्या स्वतःच्या बोटांतून जातो, आणि आज खरा धोका येथेच आहे. याचा नमुना आता देशभर परिचित झाला आहे. आंब्याच्या बागायतदाराला दूरध्वनी येतो, पलीकडचा माणूस स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवितो, वीस पेट्या हापूस हवा असल्याचे सांगतो, भावात घासाघीस करीत नाही आणि आगाऊ रक्कम पाठविण्यासाठी एक क्यूआर कोड धाडतो. 'कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' असे तो सांगतो. पैसे स्वीकारताना पिन लागत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे खाते रिकामे होते. पर्यटन निवासांच्या बनावट संकेतस्थळांवर आगाऊ आरक्षणाची रक्कम भरणाऱ्या मुंबई-पुण्याच्या प्रवाशाची गत हीच. तांत्रिक मानकाच्या दृष्टीने पाहिले, तर या व्यवहारांत कोणतीही खोट नाही. मोबाइल खरा, सिमकार्ड खरे, पिन खरा. कुलूप शाबूत आहे. घरधन्यानेच ते उघडून दिले आहे.

या फसवणुकीचे प्रमाण किती, याचा अंदाज केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांवरून येतो. सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७४६५ कोटी रुपये गमावले होते, ते २०२४ मध्ये सुमारे २२८४५ कोटींवर गेले. एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ.

नुकसानीच्या जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये जे सूत्र घालून दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही लागू केले, ते मुळात ग्राहकाच्या बाजूचे होते. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक दोघांचीही नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तरीही भार नाही. चार ते सात दिवसांत कळविले तर सामान्य बचत खात्यासाठी तो १० हजार रुपयांपुरता मर्यादित. दोष ग्राहकाचाच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकली होती. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याचाच, असे त्यातील कलम आहे. फसवून पिन टाकून घेतला, तर त्याला निष्काळजीपणा म्हणायचे का? व्यवहारात बँकांचे उत्तर बहुतेक वेळा 'होय' असेच राहिले आणि तेथेच तक्रारीचा कागद थांबला.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पडताळणीविषयी नवे निर्देश जाहीर केले, त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली. केवळ एसएमएसवरील ओटीपीवर न विसंबता बोटाचा ठसा, मोबाइलशी जोडलेली सांकेतिक खूण अशा अन्य पर्यायांना त्यात वाव आहे आणि संशयास्पद व्यवहारांना अधिक कसून तपासण्याची मुभा आहे. या निर्देशांचे पालन न केल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेने ते विनातक्रार संपूर्ण भरून द्यावे, अशी तरतूदही आहे. ही तरतूद युरोपच्या २००५ मधील नियमाच्या जातकुळीची असल्याने स्वागतार्ह आहे. परंतु बँकेने सर्व निर्देश पाळले आणि तरीही बागायतदार फसला, तर? मूळ प्रश्न तेथेच उरतो.

ब्रिटनने या प्रश्नाला ७ ऑक्टोबर २०२४ पासून थेट हात घातला. फसवून करवून घेतलेल्या व्यवहारातही ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई मिळावी आणि तिचा भार पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलावा, असा तेथील नियम आहे. युरोपीय आयोगाने जून २०२३ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातही, बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून फसविलेल्या ग्राहकाला परतावा देण्याचे तत्त्व होते. यातील कळीचा शब्द आहे 'स्वीकारणारी बँक'. चोरीचा पैसा हवेत विरत नाही. तो कोणत्या तरी बँकेतील भाडोत्री खात्यात जमा होतो. असे खाते उघडू देणारी बँक आपल्याकडे सहसा नामानिराळी राहते. ग्राहक आपल्या बँकेच्या शाखेत खेटे घालतो आणि ज्या बँकेने भामट्याला खातेदार करून घेतले, तिचे नावही त्याला कळत नाही. अशी खाती हुडकणारी संगणकीय साधने रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने विकसित केली आहेत. परंतु तोट्यात वाटा उचलावा लागल्याखेरीज त्यांचा वापर मनापासून होईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

बँकांचा प्रतिवाद अगदीच निराधार नाही. भरपाई हमखास मिळते असे दिसले, तर बेफिकिरी वाढेल आणि खोट्या तक्रारींचेही पेव फुटेल, असे त्या म्हणतात. शिवाय यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्यावर आणले गेले. सरकारने त्यापोटी लहान दुकानदारांच्या व्यवहारांसाठी २०२४-२५ साठी सुमारे १५०० कोटींचे प्रोत्साहन मंजूर केले. व्यवहारांची संख्या पाहता ही रक्कम तुटपुंजी असल्याची बँकांची तक्रार आहे. सेवा फुकट आणि विमाही फुकट, हे गणित दीर्घकाळ जुळणार नाही हे मान्य करावयास हवे. पण मग त्याचा भार उचलायला उरतो तो सर्वांत दुबळा घटक, आणि त्याने तो निमूटपणे उचलावा असे गृहीत धरणे हे काही धोरण होऊ शकत नाही.

दाद मागण्याच्या व्यवस्थेतही अशीच उतरंड आहे. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका तिच्या कक्षेत आल्या त्या १ नोव्हेंबर २०२५ पासून. म्हणजे शेतकऱ्याचे पीककर्ज आणि अनुदान ज्या बँकेतून येते, तिच्या ग्राहकाला ही पायरी चढण्यासाठी चार वर्षे थांबावे लागले. पतसंस्थेच्या सभासदाला ती पायरी नाहीच.

कोकणापुरता आणखी एक प्रश्न आहे, त्याची चर्चा मुंबईत क्वचितच होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील वीज व मोबाइल सेवा अनेक दिवस कोलमडून टाकली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडविली, तेव्हा एटीएमही पाण्यात होती. अशा वेळी सर्वांत सुरक्षित मानकही निरुपयोगी ठरते आणि खिशातील नोट तेवढी कामाला येते. स्पेन आणि पोर्तुगालला याचा अनुभव २८ एप्रिल २०२५ रोजी, दिवसभर वीज गेल्यावर आला. आपल्याकडे जाळ्याविना चालणारी 'यूपीआय लाइट एक्स' ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंना एनएफसी सुविधेचा मोबाइल लागतो आणि स्वस्त मोबाइलमध्ये ती सहसा नसते. साध्या मोबाइलसाठी मार्च २०२२ मध्ये आणलेली सेवा दूरध्वनी लागला तरच चालते. घाटमाथ्याच्या पायथ्याच्या वाड्यांत तो लागतोच असे नाही.

दरम्यान मानकांच्या सीमा देशाबाहेर विस्तारत आहेत. सिंगापूरशी यूपीआयची जोडणी फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. संयुक्त अरब अमिरातीशी तशाच जोडणीचा करार जुलै २०२३ मध्ये झाला. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या तत्काळ देयक यंत्रणेशी यूपीआय जोडण्याच्या प्रत्यक्ष कामाला हात घालण्याचे दोन्ही बाजूंनी ठरल्याचे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. खेड, दापोली, चिपळूण या तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचा उदरनिर्वाह आखातातून येणाऱ्या पैशावर चालतो. त्यांच्या दृष्टीने काही क्षणांत आणि कमी खर्चात पैसे पोहोचणे ही लहान सोय नव्हे. मात्र उद्या दुबईतून निघालेली रक्कम दाभोळच्या खात्याऐवजी भलत्याच खात्यात गेली, तर तक्रार तेथील बँकेकडे नोंदवायची की येथील, आणि तोटा कोणत्या देशाच्या नियमाने वाटायचा, हे जोडणीच्या करारांतच लिहून घेतले पाहिजे.